कुंडीपासून दारापर्यंत : कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीची वाटचाल

कागद, काच आणि पत्रा. पुण्यातल्या कचरावेचक बायांच्या गोणीत जे पडायचे, तेच त्यांनी आपल्या संघटनेच्या नावात घातले. नाव ठेवताना कोणी शब्दकोश उघडला नाही. पुढच्या तीन दशकांत शहर बदलले आणि शहराचा कचराही बदलला. गोणीत प्लास्टिकने मोठी जागा अडवली. नाव मात्र तेच राहिले, आणि ते राहिले याचा या संस्थेशी नाते असलेल्या प्रत्येकाला आनंद वाटतो. आपण काय वेचतो हे उघडपणे सांगणारी, त्याची लाज न धरणारी संघटना म्हणून तिची ओळख त्या नावातच आहे.

स्मरणिकेसाठी हा इतिहास लिहिताना एक गोष्ट सुरुवातीलाच नोंदवली पाहिजे. या वाटचालीत विद्यापीठाचा वाटा आहे, महापालिकेचा आहे, शासनाचा आहे. गेल्या काही वर्षांत उद्योगांच्या सामाजिक निधीचाही आहे. त्या सर्वांचे ऋण पुढे यथास्थळी येईलच. पण शहराच्या स्वच्छतेत सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त काळ जी गुंतवणूक झाली, ती पहाटे पोते खांद्यावर टाकून निघणाऱ्या बाईच्या श्रमाची होती. तिच्याकडे भांडवल म्हणून आकडी, गोणी आणि दोन हात होते. बाकीची सगळी मदत त्यामागून आली. ज्या मदतीने हा क्रम ओळखला ती टिकली.

पूर्वपीठिका : १९९३ पूर्वी

पुण्यातल्या कचरावेचकांत सुमारे नव्वद टक्के स्त्रिया, आणि त्याही बहुतेक मातंग आणि बौद्ध समाजातल्या. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून आणि सोलापूरकडून अनेक कुटुंबे शहरात आली. गावात शेतमजुरी संपली होती आणि शहरात जातीमुळे घरकामाची दारेही सहज उघडत नव्हती. कचराकुंडीला मात्र कोणाची शिफारस लागत नव्हती. सकाळी वेचलेला माल दुपारी भंगाराच्या दुकानात घातला की संध्याकाळी चूल पेटायची. विधवा आणि नवऱ्याने टाकलेल्या बायांचा तर हाच आधार होता.

या कामाला काम म्हणून मान नव्हता. कुंडीत हात घालणारी बाई लोकांच्या नजरेत भिकारी तरी ठरायची, नाहीतर चोर. वस्तीत चोरी झाली की आधी संशय तिच्यावर. पोलीस चौकीत बसवून ठेवणे, गोणी उलटी करणे, पैसे मागणे हे नित्याचे. दुकानात काटा मारला तरी बोलायची सोय नाही, कारण त्याच दुकानदाराकडून अडीअडचणीला उचल घेतलेली. कुत्र्यांचे चावे, फुटक्या काचांच्या जखमा, पाठीचे दुखणे यांचा हिशेब कोणत्याच वहीत नव्हता.

१९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाने कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी शिकवण्याचे काम हाती घेतले. पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या तिथल्या कार्यकर्त्या प्राध्यापिका. मुलांना शिकवायचे तर मुले सापडली पाहिजेत, आणि मुले तर आयांबरोबर कुंडीवर. म्हणून या बायांच्या मागोमाग शिकवणाऱ्याही कुंड्यांपर्यंत गेल्या. पंचायतीचा इतिहास खरे तर या पायपिटीत सुरू होतो. वर्गात बसून जे कळले नसते ते तिथे कळले : आयांना मुलांनी शिकावेसे वाटते, पण त्या कामाला मुलांचे हात लागतात, आणि काम एवढे घाण आणि वेळखाऊ आहे, कारण घराघरांतून ओले-सुके सगळे एकत्र कुंडीत येते. माल घरातच वेगळा मिळाला तर वेळ वाचेल, माल स्वच्छ राहील, भाव बरा येईल आणि लेकरू शाळेत जाऊ शकेल.

एवढ्या साध्या विचारावर पहिला प्रयोग झाला. सुमारे तीस बायांना विद्यापीठाच्या नावाची ओळखपत्रे दिली. कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन रहिवाशांना कचरा वेगळा करून या बायांच्या हाती देण्याची विनंती केली. कमाई वाढली, कामाचे तास घटले. पण थोड्याच दिवसांत एका खासगी व्यावसायिकाने त्याच भागात गाडी लावून घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात केली. मालच गाडीत गेला तर वेचायचे काय? बाया एकत्र आल्या, गाडीसमोर उभ्या राहिल्या, रहिवाशांशी बोलल्या आणि आपले काम त्यांनी परत मिळवले. तीस जणींनी मिळवलेले हे यश छोटेच होते. पण त्यातून एक मोठी गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली. कचऱ्याला किंमत आहे हे कळले की उद्या आणखी कोणीतरी गाडी घेऊन येणार. तीस जणींनी तेव्हा भागणार नव्हते.

पुण्यात असंघटित कष्टकऱ्यांची संघटना कशी बांधायची याचा धडा डोळ्यांसमोर होता. डॉ. बाबा आढावांच्या नेतृत्वाखालच्या हमाल पंचायतीने पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाला हक्काचा कामगार म्हणून उभे केले होते. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे हमालांना मंडळ मिळाले होते, भविष्यनिर्वाह निधी मिळाला होता. ज्याचा एकच एक मालक दाखवता येत नाही अशा माणसालाही कामगाराचे हक्क मिळू शकतात, हे त्यातून सिद्ध झाले होते. कचरावेचकांचे दुखणे नेमके तेच. मोहन ननावरे हे स्वतः कचरावेचक आईचे पुत्र. ते आपल्या समाजातल्या बायांना एकत्र आणण्यासाठी धडपडत होतेच. हे तीन प्रवाह एकत्र आले.

मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली. शहराच्या सर्व भागांतून ८०० हून अधिक कचरावेचक आले. एक दिवस काम बुडवून येणे म्हणजे एका दिवसाची चूल बंद ठेवणे, हे लक्षात घेतले तर या आकड्याचे वजन कळते. या परिषदेतून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीचा जन्म झाला. कामगार संघटना म्हणून तिची नोंदणी झाली. बाबांचे मार्गदर्शन, विद्यापीठाच्या कार्यकर्त्यांचे कष्ट आणि वस्त्यावस्त्यांतल्या बायांचा विश्वास यांवर पंचायतीचा पाया रचला गेला.

१९९३ ते २००० : ओळखपत्राचे दशक

पंचायतीने पहिल्यापासून एक पथ्य पाळले. सभासदाने वर्गणी भरायची. रक्कम छोटी, पण ती भरल्याशिवाय सभासदत्व नाही. वस्तीवस्तीतून प्रतिनिधी निवडायचे, त्यांनी नियमित बैठकीला यायचे आणि निर्णय तिथे घ्यायचे. अक्षरओळख नसलेल्या बायांनी ठराव मांडले, हिशेब ऐकले, पटले नाही तिथे उठून बोलल्या. मतभेदाचे प्रसंगही आले. एवढ्या मोठ्या घरात ते यायचेच. बैठकीत बसून, एकमेकींचे ऐकून त्यातून वाट निघत गेली आणि पंचायत एकसंध राहिली.

या दशकातली सर्वांत मोठी कमाई म्हणजे ओळखपत्र. १९९५-९६ मध्ये पुणे महापालिकेने पंचायतीच्या छायाचित्रासह ओळखपत्रांना मान्यता दिली. कचरावेचकांची अशी अधिकृत नोंद घेणारी पुणे ही देशातली पहिली महापालिका. पिंपरी-चिंचवडनेही तोच निर्णय घेतला. बाहेरच्या माणसाला हा कागदी तुकडा वाटेल. ज्या बाईकडे रेशनकार्डावरही धड नाव नव्हते, तिच्या हातात फोटो, नाव आणि महापालिकेची मान्यता असलेले कार्ड आले. पोलिसाने हटकले की ते पुढे करता येऊ लागले. कोणाला चौकीत नेले तर दहाजणी कार्डे घेऊन चौकीच्या दारात जाऊन उभ्या राहू लागल्या. हळूहळू चौकीतली भाषा बदलली. अनेक जुन्या सभासदांनी आपली पहिली कार्डे जपून ठेवली आहेत, ती उगाच नाही.

पुढे राज्य शासनानेही नागरी स्थानिक संस्थांना कचरावेचकांची नोंद घेण्याचे आणि सुका कचरा गोळा करण्याच्या कामात त्यांच्या संघटनांना सामावून घेण्याचे आदेश दिले. पुण्यातल्या बायांनी मिळवलेली ओळख अशा रीतीने महाराष्ट्रभर पोहोचली.

सावकाराचा आणि भंगार दुकानदाराचा विळखा सोडवण्यासाठी याच काळात पंचायतीने पतसंस्था उभी केली. कोणाच्या लेकीचे लग्न, कोणाचे आजारपण, कोणाच्या घराचा पत्रा उडालेला. या गरजांसाठी पूर्वी जी उचल घ्यावी लागे, तिच्यामुळे माल त्याच दुकानात, त्याच्याच भावाने घालावा लागे. पतसंस्थेने बचतीची सवय लावली आणि माल कुठे विकायचा हे ठरवण्याचे स्वातंत्र्य दिले. सभासदांनी चालवलेले स्वतःचे भंगाराचे दुकानही सुरू झाले. वजनकाटा खरा, भाव फळ्यावर, आणि वर्षाच्या शेवटी जो नफा राहील त्याचा वाटा माल घालणाऱ्यांना. भंगाराच्या धंद्यात हे नवलच होते.

मुलांचा प्रश्न तर संस्थेच्या जन्माच्याही आधीचा. अठरा वर्षांखालच्या कोणालाही सभासद करायचे नाही, असे पंचायतीने ठरवले. शाळा सुरू होण्याच्या दिवसांत वस्त्यांमधून मुलांची नावे घालण्याच्या मोहिमा निघाल्या. अस्वच्छ व्यवसायात काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती होती, पण कचरा वेचणे तिच्या यादीत धरले जात नव्हते. ते धरले जावे म्हणून पंचायतीने दीर्घ पाठपुरावा केला आणि सभासदांच्या मुलांना ती मिळू लागली. त्या मुलांपैकी काही आज पंचायतीच्या कामातच आहेत, काही नोकरीधंद्याला लागली आहेत.

२००१ ते २०१० : आकड्यांतून हक्क, हक्कातून सहकार

हे दशक एका अभ्यासाने सुरू झाले. विद्यापीठाच्या विभागाने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी पुण्यातल्या कचरावेचकांचा आणि भंगार व्यवसायाचा अभ्यास केला. महापालिकेची गाडी येण्याआधीच वेचक रोज १४४ टन विकाऊ माल कचऱ्यातून बाजूला काढतात, असे त्यात दिसून आले. तो वाहून न्यायचा खर्च महापालिकेचा वाचतो. प्रत्येक वेचक दरमहा २४६ रुपयांचे काम शहरासाठी बिनमोल करते, असा त्याचा हिशेब निघाला. तोवर पंचायत सभागृहात दया मागायला येते असे काहींना वाटे. या अभ्यासानंतर बोलणी हिशेबावर आली. एवढी सेवा शहर फुकट घेते आहे, तर त्या बदल्यात काही देणे लागते की नाही?

महापालिकेने या प्रश्नाला चांगले उत्तर दिले याचा उल्लेख कृतज्ञतेने केला पाहिजे. २००२-०३ मध्ये नोंदणीकृत सर्व कचरावेचकांच्या वैद्यकीय विम्याचा हप्ता महापालिकेने भरायचे ठरवले. देशात असे करणारीही पुणे पहिलीच. या निर्णयामागे आयुक्तालयातल्या अधिकाऱ्यांचा आणि सर्व पक्षांतल्या नगरसेवकांचा पाठिंबा होता.

दरम्यान कायदा बदलला होता. २००० च्या घनकचरा नियमांनी घरोघरून कचरा गोळा करणे शहरांवर बंधनकारक केले. याचा अर्थ रस्त्यावरच्या कुंड्या जाणार. कुंड्या गेल्या की कुंडीवर जगणाऱ्या बायांचे काय? अनेक शहरांनी या प्रश्नाकडे पाहिलेच नाही. ठेकेदार नेमले, गाड्या फिरवल्या, आणि वेचक कचरा डेपोच्या ढिगाऱ्यांवर ढकलले गेले. पुण्यात हे घडू नये म्हणून पंचायतीने आधीच पाऊल उचलले : कुंडीवरची बाई दारावर आली पाहिजे. २००५-०६ पासून महापालिकेच्या सहकार्याने पंचायतीच्या सभासदांनी घरोघरी कचरा गोळा करण्याचा प्रयोग चालवला. दोन वर्षांत दीड हजारांच्या आसपास वेचक त्यात आले आणि सव्वा लाखाच्या घरात कुटुंबांना सेवा मिळू लागली.

त्या प्रयोगातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. कचरावेचकांच्याच मालकीची, त्यांनीच चालवलेली, अशी देशातली ही पहिली संस्था. २००८ मध्ये महापालिकेशी तिचा पाच वर्षांचा करार झाला. कराराची मांडणी नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढचे सगळे यश तिच्यात आहे. महापालिका वेचकांना पगार देत नाही. घरटी दरमहा ठरावीक शुल्क रहिवासी देतात आणि ते वेचकांचे. सुक्या कचऱ्यातून निघालेला विकाऊ मालही वेचकांचा. महापालिका देते ती साधने, ढकलगाड्या, गणवेश, आणि देखरेख व व्यवस्थापनाचा खर्च. ओला कचरा महापालिकेच्या गाडीत जातो.

ठेकेदाराची पद्धत याच्या उलट असते. त्याला टनावर पैसे मिळतात, म्हणून डेपोवर जितका जास्त कचरा जाईल तितका त्याचा फायदा. वेचक बाईचा फायदा डेपोवर कमी कचरा जाण्यात आहे. पुठ्ठ्याचा तुकडा, दुधाची पिशवी, तेलाचा डबा जितका बाजूला निघेल तितकी तिची कमाई. शहराचे हित आणि तिचे हित एकाच दिशेने चालतात. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी शहराचा कचरा आपल्या उशाशी टाकण्याविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने केली, तेव्हा या मांडणीचे मोल पुणेकरांनाही कळले.

सुरुवात सोपी नव्हती. सोसायट्यांना शुल्क देणे जड गेले. कचरा उचलायचे पैसे कशाला, हा प्रश्न घरोघर ऐकावा लागला. काही ठिकाणी लिफ्ट वापरू देत नसत, चार-चार मजले जिने चढून बादल्या उतरवाव्या लागत. ओले-सुके वेगळे मिळावे म्हणून तेच तेच दारात पुन्हा पुन्हा सांगावे लागे. दुसरीकडे बायांनाही नवी शिस्त अंगी बाणवायची होती. कुंडीवर मनाला येईल तेव्हा जाता येई. दारावर ठरलेल्या वेळी जावे लागते, सुट्टी घ्यायची तर बदली द्यावी लागते, बोलावे लागते, हिशेब ठेवावा लागतो. हे सगळे त्यांनी शिकून घेतले. कुंडीत वाकलेली बाई आता दारावर घंटी वाजवते आणि घरातली माणसे तिला नावाने हाक मारतात. हा बदल आकडेवारीत कुठेच मोजलेला नाही. माझ्या मते या दशकाची सर्वांत मोठी नोंद तीच आहे.

याच दशकाच्या अखेरीस पंचायतीचे नाते देशाच्या आणि जगाच्या वेचकांशी जुळले. २००८ मध्ये कोलंबियातील बोगोटा इथे जगभरच्या कचरावेचकांची पहिली परिषद भरली, तिथे पुण्याचा आवाज होता. देशभरच्या संघटनांची जी आघाडी नंतर उभी राहिली, तिच्या बांधणीत पंचायतीने पुढाकार घेतला.

२०११ ते २०२० : उद्योगांचा हात, आणि उद्योगांची जबाबदारी

पुणे हे कारखान्यांचे शहर. कंपन्या आणि वेचक यांची गाठ पडणे स्वाभाविक होते. तिची एक चांगली सुरुवात कात्रजला झाली. महापालिका, उद्योजकांची संघटना असलेल्या मराठा चेंबरच्या पुढाकाराने स्थापन झालेली 'जनवाणी', 'स्वच्छ' आणि कमिन्स इंडिया यांनी मिळून कात्रजचा प्रभाग शून्य कचऱ्याचा करायचे ठरवले. घराघरांत वर्गीकरण, वेचकांकडून रोजचे संकलन, ओल्या कचऱ्याची जवळच विल्हेवाट, सुक्याची छाननी. कंपनीचे पाठबळ आणि तिच्या कर्मचाऱ्यांचा वेळ, चेंबरची संघटनशक्ती, महापालिकेची यंत्रणा आणि वेचकांचे रोजचे काम असे चार हात एकत्र आले. बाहेरगावचे पाहुणे हा प्रयोग पाहायला येऊ लागले. त्यातून पंचायतीने घेतलेला धडा असा की कंपनीने वेचकांची जागा घेऊ नये, वेचकांच्या कामाला बळ द्यावे. कात्रजला तसे झाले.

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक झाले. १ एप्रिल २०१४ पासून ते अमलात आले, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला स्वच्छ भारत अभियान सुरू झाले. स्वच्छतेसाठी निधी देऊ इच्छिणारे वाढले. मदतीला हात पुढे आले त्या सर्वांचे आभारच. पण निधीची स्वतःची एक सवय असते. त्याला फोटोत दिसणारी वस्तू आवडते, एक वर्षात संपणारा प्रकल्प आवडतो. वेचकाला हवी असते माल निवडायला सावलीची जागा, पावसाळ्यात न भिजणारे छप्पर, पाच वर्षे टिकणारी व्यवस्था. रस्त्याच्या कडेला बसून माल निवडणाऱ्या बाईसाठी छपराची शेड हे सर्वांत मोठे दान आहे, आणि शहरात जागा मिळवणे हे सर्वांत अवघड काम. ज्या देणगीदारांनी आधी विचारले, "तुम्हाला काय लागते?", त्यांचे काम उभे राहिले.

देणगीइतकाच, किंबहुना तिच्याहून महत्त्वाचा दुसरा विषय पंचायतीने याच दशकात उचलला. वस्तू बनवणाऱ्याने ती फेकल्यानंतरची जबाबदारीही घेतली पाहिजे. त्याची ठिणगी वापरलेल्या सॅनिटरी पॅडनी पडली. घराघरांतून ही पॅड सुक्या कचऱ्यात उघडी येत. वेचकांना ती हाताने बाजूला काढावी लागत. २०१३ च्या महिला दिनाच्या सुमारास 'स्वच्छ'च्या सभासदांनी वापरलेली पॅड पिशव्यांत भरून ती बनवणाऱ्या बड्या कंपन्यांच्या कार्यालयांना पाठवून दिली. आम्ही रोज जे हाताळतो ते एकदा तुम्ही पाहा, एवढेच त्यांचे म्हणणे. हे धारिष्ट्य कचरावेचक बायांचेच. त्याच काळात जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या करून त्या घरोघर देण्याचे कामही झाले, आणि त्या पिशव्या बनवणाऱ्याही वेचकच. पुढे २०१७ मध्ये पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका द्यावा, ही मोहीम पुण्यात सुरू झाली आणि ती इतर शहरांतही गेली. ठिपका करायला काही सेकंद लागतात. त्या काही सेकंदांनी एका बाईच्या हातांचा दिवस बदलतो.

एप्रिल २०१६ चे नवे घनकचरा नियम आले तेव्हा त्यांत कचरावेचक हा शब्द कायद्याच्या भाषेत आला. वेचकांच्या संघटनांना मान्यता देण्याची आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. सॅनिटरी पॅडबरोबर ती गुंडाळायला वेष्टन द्यावे, असे बंधन उत्पादकांवर आले. देशभरच्या संघटनांनी त्यासाठी प्रयत्न केले, त्यांत पंचायत पुढे होती. त्याच वर्षीच्या प्लास्टिक नियमांनी उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीचे तत्त्व अधिक ठळक केले.

या तत्त्वाची कसोटी लागते ती वेफर्सच्या पाकिटावर. बिस्किटाचे, चिप्सचे, शांपूच्या पुडीचे वेष्टन अनेक थरांचे असते. त्याला भंगारात भाव नाही, म्हणून वेचक ते उचलत नाही, आणि ते डेपोवर किंवा नाल्यात जाते. दशकाच्या उत्तरार्धात महापालिका, 'स्वच्छ' आणि आयटीसी कंपनी यांनी मिळून अशी वेष्टने वेगळी गोळा करण्याचा प्रकल्प पुण्यात चालवला. जिला बाजारात किंमत नाही अशी वस्तू वेचकाने उचलावी म्हणून त्या कामाचा मोबदला तिला मिळावा, हे यात मान्य झाले. उद्योगाचा पैसा इथे देणगी म्हणून आला नाही, केलेल्या कामाचा दाम म्हणून आला. पंचायतीच्या इतिहासात या फरकाला मोठी जागा आहे.

बाकी उपक्रमांचा उल्लेख थोडक्यात करतो. घरातल्या जुन्या वापरण्याजोग्या वस्तू, कपडे, बिघडलेली विजेची उपकरणे गोळा करण्याची सेवा सुरू झाली. गणेशोत्सवात विसर्जन घाटांवर उभे राहून निर्माल्य नदीत जाण्याआधी हातात घेण्याचे काम दरवर्षी होते. त्यात सभासदांबरोबर महाविद्यालयीन विद्यार्थी आणि कंपन्यांचे स्वयंसेवकही असतात. महापालिकेशी कराराचे नूतनीकरण २०१६ मध्ये झाले.

दशकाचा शेवट कोरोना साथीच्या टाळेबंदीने झाला. मार्च २०२० मध्ये शहर घरात बसले तेव्हा घराघरांचा कचरा उचलायला 'स्वच्छ'च्या बाया बाहेर पडल्या. वाहने बंद, म्हणून कित्येकजणी चालत आल्या. भंगाराची दुकाने बंद असल्याने निवडलेला माल साचून राहिला आणि मालाची कमाई आटली. तरी काम थांबले नाही. या काळात अनेक सोसायट्यांनी, व्यक्तींनी आणि उद्योगांनी शिधा, मुखपट्ट्या, हातमोजे दिले. ज्या दारांवर कधी लिफ्ट नाकारली गेली होती, तशा दारांवर टाळ्यांनी स्वागतही झाले. ज्या सभासदांना या साथीने आपल्यातून नेले, त्यांचे स्मरण या स्मरणिकेत आदराने केले पाहिजे.

२०२१ नंतर : आजचे काम

साथ ओसरत असतानाच कराराची मुदत संपली होती, आणि शहराच्या कचऱ्याची व्यवस्था कशी असावी यावर चर्चा सुरू झाली. तेव्हा हजारो पुणेकर 'स्वच्छ'च्या बाजूने लिहिते-बोलते झाले. ज्यांच्या दारात पूर्वी शुल्कासाठी हुज्जत घालावी लागे, तेच रहिवासी आपल्या ताईंसाठी पुढे आले. २०२१ च्या अखेरीस नव्या पाच वर्षांच्या करारावर शिक्कामोर्तब झाले.

आज 'स्वच्छ'चे साडेतीन हजारांहून अधिक वेचक सभासद पुण्यात घरोघरी काम करतात आणि रोज १५० टनांहून अधिक माल पुनर्वापराच्या वाटेला लावतात. पंचायतीच्या वतीने विमा, शिष्यवृत्ती, बचत, कर्ज, तक्रारी, वस्त्यांतल्या बैठका हे सारे अखंड चालू आहे. काही ठिकाणी आईची ढकलगाडी मुलीने किंवा सुनेने घेतली आहे. ती मोबाइलवर हिशेब ठेवते, सोसायटीच्या समूहात सूचना टाकते, आणि गाडीवर निवडलेला माल आईच्या किंवा सासूच्याच कौशल्याने वेगळा करते : कडक प्लास्टिक एकीकडे, पन्नी एकीकडे, पुठ्ठा वेगळा, रद्दी वेगळी.

२०२४ मध्ये केंद्र सरकारच्या सफाई कामगारांसाठीच्या 'नमस्ते' योजनेत कचरावेचकांचा समावेश झाला. त्यांची नोंद, आरोग्य विमा आणि साधने यांचा विचार आता देशपातळीवर होतो. पुण्यात १९९५-९६ ला जे ओळखपत्र सुरू झाले, त्याचे हे पुढचे पाऊल मानायला हरकत नाही.

उत्पादकांच्या जबाबदारीचा प्रश्न मात्र अजून अर्ध्या वाटेवर आहे. फेब्रुवारी २०२२ च्या नियमांनुसार कंपन्यांना त्यांच्या वेष्टनांइतके प्लास्टिक पुनर्वापरात गेल्याची प्रमाणपत्रे मिळवावी लागतात. ती प्रमाणपत्रे देतात नोंदणीकृत प्रक्रिया करणारे कारखाने. ज्या हातांनी ते प्लास्टिक दारातून उचलले, निवडले, बांधले आणि काट्यावर घातले, ते हात या साखळीच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहेत, आणि प्रमाणपत्राचा पैसा त्यांच्यापर्यंत आपोआप येत नाही. मार्च २०२२ मध्ये नैरोबीला प्लास्टिकविषयक जागतिक कराराची प्रक्रिया सुरू झाली, तेव्हापासून जगभरच्या वेचकांचे प्रतिनिधी हाच मुद्दा मांडत आहेत, आणि भारतीय आघाडीचे प्रतिनिधीही त्यांत आहेत. पंचायतीची मागणी साधी आहे : वेचकाने उचललेल्या प्रत्येक किलो वेष्टनाचा मोबदला उत्पादकाने द्यावा, आणि तो वेचकाच्या संस्थेमार्फत तिच्या हाती पोहोचावा. त्यासाठी कंपन्यांशी, शासनाशी आणि महापालिकेशी बोलणी चालू आहेत. वस्त्यांतल्या बैठकांत हा विषय दर वेळी निघतो, आणि कोणीतरी गोणीतून चिप्सचे रिकामे पाकीट काढून समोर ठेवते.